परत घेऊ, मिस

मंजू, काल अमावस्या होती. मी शाळेत रजेचा अर्ज दिला, काठ्या पिशवीत घातल्या आणि मंडी मोहल्ल्यात तुझ्या घरी गेले. तू नसताना तिथे ड्रम वाजवायला जायची ही पहिलीच वेळ. जिना चढताना सवयीने मी तुला झापायची तयारी करत होते, कारण अमावस्येला तू कधी वेळेवर तयार असल्याचं मला आठवत नाही. मग वरचं दार उघडलं आणि सगळं लक्षात आलं.

तुझं शेवटचं गाणं काल पूर्ण झालं. ते तुझ्या मनाविरुद्ध झालं आहे, हे आधीच सांगून टाकते. तू असतास तर नको म्हणाला असतास आणि आपलं नेहमीसारखं कडाक्याचं भांडण झालं असतं. आता समोर भांडायला तू नाहीस, म्हणून लिहिते आहे. मधे बोलू नकोस, ऐकून घे.

आपली ओळखच मुळात माझ्या गैरसमजातून झाली. वाद्यांच्या दुकानातल्या फळ्यावर मी चिठ्ठी लावली होती, ‘ड्रम वाजवते, कुणाला हवं असल्यास कळवावे’. चार दिवस कुणी विचारलं नाही, मग मंजू नावाने निरोप आला की आम्ही पण मराठी, गाणी आहेत, येऊन बघा. मी सांगलीची. आमच्याकडे मंजू म्हणजे मंजिरी नाहीतर मंजुषा. नवऱ्याला म्हटलं, बरं झालं, एक मराठी मैत्रीण मिळाली, आणि जाताना कोपऱ्यावरून तिच्यासाठी गजराही घेतला. दार उघडलं ते सहा फुटी, दाढीवाल्या मंजुनाथने. मी गजरा मागे लपवायच्या आत तू तो हातातून घेतलास, नीट माइकच्या स्टँडला बांधलास आणि जणू रोजच कुणीतरी गजरा घेऊन येतं अशा थाटात विचारलंस, ‘कॉफी घेता की, मिस?’ मी गणित शिकवते हे तुला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. त्या दिवसापासून मी मिस झाले ती झालेच.

तुमचं घराणं मैसूरला येऊन किती पिढ्या झाल्या ते तुम्हालाही माहीत नव्हतं. आजोबा-पणजोबा रंगारी, तुझ्या वडिलांपर्यंत, अप्पांपर्यंत, घरामागे रंगाचे हौद होते. तुझी मराठी ऐकून मी पहिल्या दिवशी गोंधळले होते, अर्धं वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडात जाऊन बसायचं. गाणीही त्याच भाषेत. ही भाषा बाहेर कोणाला कळणार, असं मी विचारल्यावर तू म्हणालास, ‘तुमची मराठी टीव्हीतल्यागत आहे, मिस. छान आहे. पण घरात आम्ही असंच बोलतो की. मग गाणं काय भाडेकरूच्या भाषेत म्हणू?’ ते वाक्य तू पुढे कितीतरी दिवस मला ऐकवत राहिलास.

एक गोष्ट तुला मी तोंडावर कधी बोलले नाही. शाळेच्या बँडमध्ये मी साइड ड्रम वाजवायचे, कॉलेजात ड्रम सेट. लग्नानंतर मैसूरला आले आणि काठ्या कपाटात गेल्या. घरी कुणी नसलं की मी पलंगावर उशी ठेवून वाजवायची. उशी आवाज करत नाही ही तिची सोयही आणि तीच तिची पंचाईत. तुझ्या त्या खोलीत पहिल्यांदा खरी झांज वाजवली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मी धूळ फार आहे म्हणून तुझ्यावरच डाफरले होते. मंजू, तू मला माझे हात परत दिलेस. हे मी तू जिवंत असताना सांगायला हवं होतं, पण आपल्याकडे कौतुक करायची पद्धतच नव्हती, भांडायची होती.

आणि खोली तरी कसली. अप्पांच्या काळात रंगवलेलं कापड वाळत घालायची माडी. आवाज घुमू नये म्हणून तू चारी भिंतींवर न खपलेल्या छापील चादरी ठोकल्या होत्यास. खाली तुझ्या थोरल्या भावाचा, अण्णाचा, लग्नपत्रिकांचा छापखाना. ते यंत्र सुरू झालं की त्याची धडधड जमिनीतून थेट माइकमध्ये शिरायची. अण्णा कामाला वाघ, रविवारीसुद्धा यंत्र चालू. फक्त अमावस्येला बंद. तुमच्या घरात अमावस्येला हौदात हात घालायचा नाही ही जुनी रीत, ती अण्णाने यंत्राला लावली होती. सकाळी यंत्राला हळदकुंकू, फूल, आणि दिवसभर विश्रांती. म्हणून आपलं रॉक संगीत महिन्यातून एकदा, अमावस्येच्या दिवशी व्हायचं. एका अल्बमला इतकी वर्षं लागली याचं कारण आळस नव्हता, पंचांग होतं. माझ्या मुख्याध्यापिकाबाईंना तर दर अमावस्येला रजा घेणाऱ्या गणिताच्या मिसची भीतीच वाटायला लागली होती. त्यांनी मला एकदा दबक्या आवाजात विचारलं, काही पूजाबिजा करता का. मी हो म्हणून टाकलं, ते समजवायला सोपं होतं.

तुझी कामाची रीतही तुमच्या हौदातूनच आलेली. नवा रंग कालवला की त्यात बुडवलेलं पहिलं कापड गिऱ्हाइकाला द्यायचं नाही, ते घरात राहायचं. पहिली बुडी घरची. रंग कसा उतरला ते त्यावर कळतं, हे एक कारण. पण तुझ्या आई, अम्मा, म्हणायच्या की हौदाचं पहिलं कापड विकलं की हौद रुसतो, आणि मला वाटतं तुला हेच कारण जास्त पटायचं. तू लहानपणी दुपट्यापासून टॉवेलपर्यंत सगळं पहिल्या बुडीचंच वापरलं होतंस. गाण्याचंही तू तेच केलंस. आधी तू एकटा गिटार घेऊन गाणार, मी समोर ड्रमपाशी हात मांडीवर ठेवून बसणार. तो पहिला टेक. मग कितीही सुंदर झालेला असो, शेवटची तार विरली की तू मान वर करून म्हणायचास, ‘परत घेऊ, मिस.’ त्यानंतर माझ्या काठ्या एकमेकींवर चार वेळा वाजायच्या आणि दोघांचं खरं रेकॉर्डिंग सुरू व्हायचं.

कित्येकदा पहिलाच टेक अव्वल असायचा. मी जीव तोडून सांगायची की हाच ठेव. तू हसून मान हलवायचास. पहिला टेक फोनवर घालून तू खाली स्वयंपाकघरात न्यायचास, अम्मा अवरेकाळूच्या, आपल्या पावट्याच्या, शेंगा सोलत बसलेल्या असायच्या, त्यांच्यापुढे फोन ठेवायचास. त्या पूर्ण ऐकायच्या. मग दुसरा, माझ्या ड्रमसकटचा ऐकवलास की म्हणायच्या, हे भांडी पडल्यागत वाजतं, पण चांगलं आहे. शेवटचं गाणं सोडून अल्बममधल्या प्रत्येक गाण्याची पहिली बुडी फक्त त्यांच्याकडे आहे. जगात दुसऱ्या कुणाकडे नाही, माझ्याकडेही नाही.

आणि क्लिक. तो वाद तर तू अर्धा टाकून गेलास. ताल हलू नये म्हणून हेडफोनमध्ये घड्याळासारखी टिकटिक लावतात, ती मला हवी असायची आणि तुला नको. मी कवायतीच्या बँडमध्ये वाढलेली, माझ्यामागे शंभर मुलींचे पाय पडायचे. ताल हलला तर पुढची रांग मागच्या रांगेवर आदळते हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. तू हेडफोनचा एक कान हळूच बाजूला सरकवायचास आणि मनाला येईल तसा गायचास. मी काठ्या आपटून थांबायची. ‘मेल्लगे, मिस,’ तू म्हणायचास, हळू. ‘गाणं चालत येतंय की. त्याला चालू दे. परेड करायला लावू नका.’ मी म्हणायचे, चालायचं असलं तरी पाय कुठेतरी पडावे लागतात. शेवटी तडजोड झाली, टिकटिक फक्त माझ्या कानात, तू मोकळा. मी तुला ओढून धरायची, तू मला ढकलायचास. बाकीच्या गाण्यांत जो ताण ऐकू येतो तो तिथून आलेला आहे, आणि ती गाणी चांगली झाली आहेत. त्यात तुझ्याइतकाच माझ्या टिकटिकीचा वाटा आहे, हे मी अजूनही सोडणार नाही.

गेल्या वर्षी तू जिन्यात थांबायला लागलास. मी विचारलं तर म्हणालास, अण्णाच्या छापखान्याची शाई नाकात जाते. नंजनगूडच्या गिटारच्या शिकवण्या बंद केल्यास, तेव्हा मुलांच्या परीक्षा आहेत म्हणालास. मी शिक्षिका आहे मंजू, त्या महिन्यात कुठल्याही शाळेत परीक्षा नसतात हे मला कळायला हवं होतं, पण तू इतक्या सहज बोललास की मी पुढचं विचारलंच नाही. फुप्फुसं आखडत चालली आहेत हे तुला तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं. अण्णाला ठाऊक होतं, अम्मांना ठाऊक होतं. मला तू गेल्यावर, तेराव्याच्या दिवशी कळलं. अण्णा म्हणाला, ‘मिसला सांगू नको म्हणून त्यानंच सांगितलं होतं. कळलं तर माझ्यासाठी स्पीड कमी करतील म्हणाला.’

त्या दिवशी पंगतीत बसून मला तुझा भयंकर राग आला. पानात वाढलेलं मी तसंच ठेवलं. अजूनही राग आहे. तू मला बरोबर ओळखलं होतंस, मी स्पीड कमी केलाच असता. पण तो करायचा की नाही हे ठरवायचा हक्क माझा होता.

‘निळे हात’ हे शेवटचं गाणं राहिलं होतं. अप्पांच्या हातांचं. नीळ कालवून कालवून त्यांचे हात मनगटापर्यंत कायमचे निळे झाले होते, आणि हे गाणं तू सगळ्यात शेवटी ठेवणार होतास. त्या अमावस्येला तू खुर्चीवर बसून गायलास. आधी कधी बसून गायला नव्हतास. मी समोर नेहमीसारखी हात मांडीवर ठेवून.

अप्पाचे हात निळे, धुतले तरी निळे,
जेवताना निळे, झोपताना निळे.

पहिल्या वेळेला ठीक गेलं. दुसऱ्यांदा ह्या ओळी आल्या तेव्हा ‘झोपताना’ म्हणून तू थांबलास. मला वाटलं शब्द विसरलास. श्वास आत घेतल्याचा आवाज आला, मोठा, आणि मग तू ‘निळे’ म्हणालास, अगदी हळू. तिथून पुढे गाणं संथ संथ होत गेलं. शेवटची तार विरली. तू मान वर करून म्हणालास, ‘परत घेऊ, मिस.’ मी काठ्या उचलल्या, तेवढ्यात तुला खोकला आला आणि तू हात पुढे करून रेकॉर्डिंग बंद केलंस. ‘आज होत नाही,’ म्हणालास, ‘पुढच्या अमावस्येला.’ पुढच्या अमावस्येला तू दवाखान्यात होतास आणि तिच्या पुढची यायच्या आत गेलास. वेळ पाळणं तुला कधी जमलंच नाही.

आता तू गेल्यानंतरचं सांगते, कारण इथूनच अण्णाचं, अम्मांचं आणि माझं बिनसलं. बेंगळूरूहून डेव्हिडचा फोन आला, तुझा मिक्सिंगवाला मित्र. बाकी सगळी गाणी तयार आहेत, ह्याचं काय करू, विचारत होता. मी म्हटलं, माडीवरच्या संगणकात आहे तो टेक पाठवून बघते. त्याने आपण होऊनच तो साफ करून पाठवला. श्वास काढून टाकले, मधला थांबा जोडून घेतला, सगळं गाणं संगणकावर टिकटिकीला बांधून सरळ केलं. आवाजालाही थोडा उजाळा दिला. जन्मभर मी ज्यासाठी तुझ्याशी भांडले ते सगळं त्यात होतं, एक ठोका इकडचा तिकडे नाही. मी घरी टेबलावर काठ्या घेऊन त्यावर वाजवून पाहिलं. सहज जमलं, कुठे अडलं नाही. ते तू नव्हतास. तुझ्यासारखा आवाज असलेला कुणीतरी चांगला गायक होता.

पण अण्णाला तेच आवडलं. छापखान्यात यंत्राशेजारी उभा राहून त्याने फोन कानाला लावून ते ऐकलं, पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं. ‘आता कसा धडधाकट वाटतो नोडी, बघा, मिस,’ म्हणाला. मी म्हटलं, अण्णा, हा खरा नाही. त्यावर तो माझ्याकडे न बघता शाईचे हात पुसत बोलला. ‘खरा मी ऐकलाय की. आयसीयूच्या बाहेर बाकावर बसून तोच ऐकला, दार उघडलं की ऐकू यायचा. तो उसिरु आता लोकांनी पण ऐकायचा काय? कशाला?’ उसिरु म्हणजे श्वास, एवढं कन्नड मला इतक्या वर्षांत आलेलं आहे. तुझ्यावर इतकं प्रेम करणाऱ्या माणसाला काय सांगणार होते?

अम्मांचं तिसरंच. साफ केलेलं नको आणि न केलेलंही नको. पहिली बुडी आहे, घरात राहील, बाहेर जायची नाही, विषय संपला. मी त्यांना समजावून पाहिलं की हे गाणं नसेल तर अल्बम अर्धा राहील, बाकीची गाणी त्याच्याकडे चालत येतात. त्या म्हणाल्या, राहू दे अर्धा, तो पण अर्धाच गेला. आणि खरं सांगायचं तर त्या तुझंच म्हणणं मांडत होत्या. तू असतास तर हेच म्हणाला असतास, फक्त हसून. मी घरी आले आणि डेव्हिडला कळवून टाकलं की ते गाणं सोडून दे.

चार-पाच दिवसांनी अम्मांनीच बोलावणं पाठवलं. मी गेले तर त्या माडीवर होत्या, तुझ्या खुर्चीपाशी लोखंडी पेटी ओढून आणलेली. त्यातून त्यांनी घडी घातलेलं निळं कापड काढलं. अप्पांनी शेवटचा हौद भरला तेव्हाचं. पहिलं कापड बुडवून वाळत घातलं आणि दुसरं बुडवायच्या आत अप्पांना छातीत कळ आली. ते एकच कापड. पहिली बुडी म्हणून त्यांनी ते पेटीत ठेवलं ते इतकी वर्षं बाहेर काढलं नव्हतं. अल्बमच्या वेष्टणावर त्याचा फोटो घालायला तू ते मागितलं होतंस, हे मला तेव्हा कळलं. तू मला तेही सांगितलं नव्हतंस.

‘घरचं आहे म्हणून दिलं नाही मी त्याला,’ अम्मा म्हणाल्या. मग त्यांनी घडी उलगडायला घेतली. रंग अजून तसाच, डोळ्यांत भरेल असा. पण घडीच्या प्रत्येक रेषेवर कापड विरलं होतं. हातात धरून उलगडता उलगडता ते फाटत गेलं आणि त्यांच्या मांडीवर त्याचे चौकोन पडले. मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी तो काढून घेतला.

‘ठेवून हे असं झालं बघ,’ त्या म्हणाल्या. ‘घेऊन जा. हे पण ने, ते गाणं पण ने. काही पुसू नका त्यातलं.’

अण्णाला त्यांनी स्वतः सांगितलं. तो वाद घालेल असं मला वाटलं होतं, त्याने घातला नाही. माझ्याकडे येऊन एवढंच म्हणाला की तुम्ही काढा बाहेर, पण मी ऐकणार नाही, तेवढं समजून घ्या. त्याच्या फोनमध्ये ते साफ केलेलं गाणं आहे आणि राहील. डेव्हिडला मी सांगितलं आहे की ते त्याच्याकडून मागून घेऊ नको. काल सकाळी मी आले तेव्हा त्याने यंत्राला फूल वाहिलेलं होतं. मला बघून तो स्कूटर काढून निघून गेला. मैसूरभर कुठे फिरत राहिला कोण जाणे, संध्याकाळी आला.

तर कालचं. तुझी खुर्ची मी हलवली नाही. माइकच्या स्टँडला तो गजरा अजून आहे, नुसता दोरा आणि चार तपकिरी देठं. मी हेडफोन घातले, टिकटिक लावली आणि तुझा टेक सुरू केला. पहिलं कडवं गेलं. दुसऱ्या कडव्यात ‘झोपताना’ला तू थांबलास आणि मी थांबले नाही. टिकटिक पुढे गेली, तिच्यामागे मी गेले, आणि तू मागे राहिलास. थांबवून पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी टिकटिक बंद केली. मंजू, इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा नुसत्या तुझ्या आवाजावर वाजवत होते, आणि मला घाम फुटला होता.

तुझ्या श्वासाकडे कान लावून वाजवावं लागलं. तू घेतलास की मी हलका ठोका द्यायचा, तू धरलास की मी धरायचं. ‘झोपताना’ आलं तेव्हा मी दोन्ही काठ्या हवेत धरून ठेवल्या. तो श्वास किती लांब आहे, तुला सांगू? त्या दिवशी समोर बसून मला तो एवढा लांब वाटला नव्हता. हात दुखायला लागले. मग तू ‘निळे’ म्हणालास आणि मी काठ्या खाली आणल्या, जेवढ्या हळू आणता येतील तेवढ्या. तिथून शेवटपर्यंत तू जसजसा हळू होत गेलास तसतशी मी होत गेले. तुला जी भीती होती तेच मी केलं, तुझ्यासाठी स्पीड कमी केला. तू चिडला असतास का, हे मला खरंच कळत नाही. काल रात्रभर मी त्याचाच विचार करत होते. तू जिंकलास असं मात्र समजू नकोस. एका गाण्याने वाद मिटत नाही, आणि मला तो मिटवायचाही नाही.

अम्मा खाली स्वयंपाकघरात होत्या. वर आल्या नाहीत, पण मी वाजवत असताना भांड्याचा एकही आवाज आला नाही.

शेवटची तार विरली. रेकॉर्डिंग चालूच होतं, मला ते बंद करायचं सुचलं नाही. हेडफोनमध्ये तू म्हणालास, ‘परत घेऊ, मिस.’ आणि मला न विचारताच माझ्या हातांनी काठ्या एकमेकींवर चार वेळा वाजवल्या, एक, दोन, तीन, चार, आपल्या नेहमीच्या तालात, तू धडधाकट होतास तेव्हाच्या. मग मी काठ्या वर धरून बसून राहिले. तुझी गिटार येईल म्हणून मी खरंच थांबले होते. ती आली नाही तेव्हा मी पहिल्यांदा रडले. दवाखान्यात रडले नव्हते, तेराव्याला रडले नव्हते.

आज सकाळी डेव्हिडचा फोन आला. काल पाठवलेलं गाणं ऐकलं म्हणाला. मग कामाचं बोलला, शेवटी तुझं बोलणं आणि माझे ते ठोके चुकून राहिले आहेत, कापून टाकू ना, म्हणाला. मी नको म्हटलं. अल्बम तिथेच संपतो. तू परत घेऊ म्हणतोस, मी चार मोजते, आणि आता तू सुरू करायचं आहेस.